सुतकात चढलेलं पाणी

बाळांनो,

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच होता, मागच्या मोकळ्या जागेत बोअरवेल मारायची की नाही. सेक्रेटरी म्हणाले, "जमीन आपली, तर खालचं पाणीपण आपलंच. टँकरचं टेन्शन संपलं." सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, आणि का केला नाही हे मला तिथे दोन वाक्यांत सांगता येईना. घरी आले, जेवले, तरी चित्त जागेवर येईना. सभेत जे सांगता आलं नाही ते तुम्हाला तरी नीट लिहून कळवावं, असं ठरवून बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण माझ्या आत्याचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. अडलं तर आईला वाचून दाखवायला सांगा.

तुम्ही येता तेव्हा ज्या रुंद रस्त्याने गाडी येते, त्या रस्त्याखाली आमची भातशेती होती. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. बेलापूर पट्टीतलं आमचं एक गाव, पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी. डोंगराच्या उतारावर माझ्या बाबांची वाडी आणि वाडीत त्यांची विहीर. तिथून उतरत आलं की गावाची घरं. गावाच्या अगदी खालच्या टोकाला माझ्या आत्याचं घर आणि तिची विहीर. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. गावातच दिलेली, तरुणपणी विधवा झालेली. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता आणि महिन्यातून एकदा यायचा. घरात आत्या आणि तिची सून, दोघीच. आत्याच्या घरापुढे भाताची खाचरं, मग बांध, मग तिवरांचं रान, मग खाडी.

खाडीच्या इतक्या जवळ असूनही आत्याच्या विहिरीचं पाणी गोड होतं. सगळी खालची आळी तिच्याकडून पाणी न्यायची. आत्याकडे दुसरं काही नव्हतं. शेत थोडं, सोनं त्याहून थोडं. पण सकाळी तिच्या अंगणात बायकांची रांग लागायची आणि ती ओट्यावर बसून सगळ्यांवर हुकूम सोडायची. तिचा एक नियम होता, कळशी खोल सोडायची नाही. पाणी वरच्यावर काढायचं. "तल ढवलू नुको गो, गाल उठल," असं ती ओरडायची; आमच्या बोलीत ळ चा ल होतो, गाळाचा गाल. गावात तिला जो मान होता तो सगळा त्या विहिरीचा होता, हे तिला ठाऊक होतं आणि आम्हालाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराला बाबांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं. तोवर वाडीवर मोट होती. मोटेने दिवसभरात जेवढं पाणी निघायचं तेवढं इंजिन न्याहारीच्या आत काढायचं. बाबांनी काकडी लावली, भेंडी लावली, उन्हाळी पालेभाजी लावली. भाजी होडीने मुंबईला जायची. माझं मुंबईतलं हायस्कूल, मामाच्या घरी राहून, याच वाडीच्या कमाईवर झालं. ही गोष्ट घडली तेव्हा मॅट्रिक होऊन मी गावच्या शाळेत मुलांना शिकवत होते आणि जूनमध्ये कॉलेजला जाणार होते, तेही त्या इंजिनाच्या जोरावर. बाबा त्याला जपायचे. त्याचं हँडल त्यांच्याशिवाय कुणी फिरवायचं नाही. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, नारळ फुटायचा. घरातल्या देवांनंतर तेच.

दोन हिवाळे सगळं ठीक चाललं. तिसऱ्या वर्षी, भाताची झोडणी आटोपल्यानंतर, आत्याच्या घरात भांडणं सुरू झाली.

मी एके दुपारी तिच्याकडे जेवायला गेले होते. आत्याने कालवणाचा घास घेतला आणि सुनेकडे बघितलं.

"हात हाय का मिठागर?"

सुनेने माझ्याकडे बघून मान खाली घातली.

"बघ गो पोरी, तूच बघ. म्हयना जाला, रोजचा असाच. बापसानं मीठ देऊन धाडलीय हिला."

तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, आज मीठ घातलाच नाय मी."

आत्याला ते खरं वाटलं नाही. मलाही नाही. पण मग मला एकेक आठवायला लागलं. आत्याकडे डाळ शिजत नाही म्हणून ओरड होती. चहात दूध फाटायचं तर दोष दूधवाल्याला. साबणाला फेस येईना तर दोष वाण्याला. खारटपणा इतका हळूहळू आला होता की रोज पिणाऱ्यांच्या जिभेला तो कळलाच नाही. आळीतल्या काही बायकांना कळला असणार, पण आत्याच्या तोंडावर बोलायचं कुणी?

बोलली ती दिवाळे गावची कोळीण. ती दर एक-दोन दिवसांनी म्हावरं घेऊन यायची, टोपली उतरवायची आणि आत्याकडे तांब्याभर पाणी मागायची. त्या दिवशी तिने एक घोट घेतला आणि अंगणात थुंकली.

"आगो बाय, तुजे विहिरीला भरती आली का गो?"

"काय बोलतंस?"

"यापरीस आमचे खाडीचा पानी बरा. त्याला निदान म्हावऱ्याची चव तरी हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. आत्या हसली नाही. तिने तांब्या घेतला, स्वतः घोट घेतला आणि बराच वेळ तो तोंडात धरून बसली. मग उठली, ओट्यावरून खाली आली, पुन्हा वर गेली. त्या दिवसापासून ती कुठे स्वस्थ बसलेली मला आठवत नाही.

आता आमच्या लोकांनी काय केलं ते ऐका. आमचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्याला बाहेर ठेवण्यात जायचं. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, भरतीच्या वेळी बंद करायची उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उधाणाला पहारा. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात आणि मग दोन-तीन वर्षं भात नाही. म्हणजे खारं पाणी कुठून येतं, याचं आमच्याकडे एकच उत्तर होतं. ते बांधावरून किंवा बांधातून येतं. आत्याची विहीर खारी झाली म्हटल्यावर बाबांनीही क्षणभर विचार केला नाही.

"खेकड्यांनी बांध पोखरलाय," ते म्हणाले. "चला."

सगळी आळी ओहोटी बघून बांधावर गेली. आम्ही बायका चिखलाचे गोळे करून देत होतो, पुरुष बिळांमध्ये पेंढा आणि चिखल ठासत होते. आत्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती फिरत होती. "हितं बघा, हितं बीळ हाय, हे ऱ्हायला." कितीतरी ओहोट्या आम्ही ते काम केलं. मी शाळा सुटली की तशीच साडी खोचून जायची. इतका घट्ट बांध आमच्या गावाने त्याआधी कधी केला नसेल. विहीर मात्र दिवसेंदिवस जास्तच खारी होत गेली.

मग कुणीतरी म्हणालं, विहीर उपसून काढू. खारं पाणी आत शिरलंय ते काढून टाकलं की नवीन गोड झरा येईल. हेही सगळ्यांना पटलं. पुरुषांनी तळापर्यंत उपसली, आत उतरून गाळ काढला. दुसऱ्या दिवशी जे पाणी आलं ते गुरांनी तोंडाला लावलं नाही.

त्यानंतर रांग उठली. खालच्या आळीतल्या बायका कळश्या घेऊन वर, बाबांच्या वाडीवर, जाऊ लागल्या. आत्या जाईना. ती सुनेला पाठवायची. एकदा सून माहेरी गेली तेव्हा आत्या स्वतः आली. डोक्यावर पदर पार पुढे ओढलेला, जशी नवी नवरी येते तशी. बाबांनी इंजिनाच्या पन्हळीतून तिची कळशी भरून दिली. जिच्या ओट्यापुढे गाव उभं राहायचं ती भावाच्या पन्हळीपुढे उभी होती, आणि तिला कळशी उचलून देताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्या दिवसांत गावात सतत इंजिनाची फटफट असायची. सकाळी सुरू व्हायची ती दुपारपर्यंत. मी वर्गात फळ्यावर लिहीत असले तरी कानात तीच. उन्हाळा लागत होता, काकडीला पाणी जास्त लागत होतं, बाबा इंजिन जास्त चालवत होते. बाबा चिडचिडे झाले होते, आत्या येरझाऱ्या घालायची, आई दोघांमध्ये निरोप नेऊन दमली होती. काहीतरी चुकतंय हे प्रत्येकाला जाणवत होतं आणि बोट कशावर ठेवायचं ते कळत नव्हतं.

चैत्रात बाबांचे काका वारले. वय झालेलं होतं, शांतपणे गेले. आमच्या घराला सुतक आलं. सुतकात देवाला शिवायचं नाही, आणि इंजिनाला तर हळदकुंकू लागलेलं. बाबांनी हँडल काढून खुंटीला टांगलं. फटफट बंद झाली. गावाचे कान अचानक रिकामे झाल्यासारखे वाटले. वाडीला पाणी नाही म्हणून बाबा अस्वस्थ, पण रीत मोडायचा विचार त्यांच्या मनातही आला नाही.

सुतक फिटायच्या बेतात असताना आत्या आमच्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "पोरी, चल जरा."

तिने मला विहिरीशी नेलं. कठड्याच्या आत, बरंच खाली, एक दगड बाहेर आलेला होता. हिवाळ्यापासून तो कोरडा पडला होता. आता तो पाण्यात होता.

"पाऊस नाय, काय नाय," आत्या म्हणाली. "मंग पानी चढला कसा?"

मी पोहऱ्याने वरच्यावर पाणी काढून चाखलं. खारंच होतं. पण चढलं होतं हे नक्की.

"भरती असेल," मी म्हटलं.

"काल ओहोटीलाबी बघितला. चढलाच हाय."

बाराव्या-तेराव्याचं सगळं पार पडलं. बाबांनी इंजिनाला पुन्हा हळदकुंकू लावलं आणि हँडल फिरवलं. आत्या सकाळपासून कठड्याला धरून उभी होती. एक-दोन दिवसांत दगड उघडा पडला. ती तशीच, पदर सावरत, चढ चढून वाडीवर आली. मी तिथेच होते.

"दादा, तुजा इंजिन माजा पानी खेचतंय."

बाबा हसले. "येडी जालीस का? तुजी विहीर न माजी विहीर, मदी अर्धा गाव हाय. माजा झरा डोंगराचा. तुजा झरा येगला."

"झरा येगला, तर तुजा इंजिन बंद जाल्यावर माजा पानी कसा चढला?"

"चढला असल."

"तू सुतक पाललास तवा माजी विहीर भरली. मंग तू रोजच सुतक पाल."

बाबांचा चेहरा उतरला. असलं अभद्र कुणी भावाला बोलतं? आई धावत आली, "वन्सं, असा बोलू नये," म्हणाली. आत्या मागे हटली नाही. ती रडतही नव्हती. नुसती उभी होती, हाताची बोटं एकमेकांत घालत, काढत.

शेवटी बाबा म्हणाले, "बरा. अमावास्येपर्यंत बंद ठेवतो. चढला नाय तर पुना इंजिनाचा नाव काढायचा नाय."

"आनि चढला तर?"

बाबांनी हँडल पुन्हा खुंटीला टांगलं.

ते दिवस फार वाईट गेले. काकडीचे वेल माना टाकायला लागले. आई आणि मी कळशीने वेलांना पाणी घालत होतो, आणि आई एकदा वेलांकडे आणि एकदा माझ्याकडे बघायची. वेल जळले तर जूनमध्ये मी कॉलेजला जाणार नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. बाबा सकाळी वाडीत, मग आत्याच्या विहिरीवर, मग पुन्हा वाडीत. कठड्यावरून वाकून बघायचे आणि परत फिरायचे. आत्या आत चुलीपुढे बसून राहायची, बाहेर यायची नाही. आपण बघितलं तर पाणी थांबेल, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

दगड ओला झाला. मग बुडाला. अमावास्येला तो दिसतही नव्हता.

बाबा त्या दिवशी कठड्यावर बसले. मी शेजारी उभी होते. ते म्हणाले, "म्हंजे ह्यो सगला एकच पानी हाय." बस, एवढंच.

हे "एकच पाणी" कसं, ते मला खूप पुढे, पुस्तकं वाचून समजलं. तुम्हाला सोपं करून सांगते. जमिनीखाली पाणी नळीतून वाहावं तसं वाहत नाही. मुरमात, कुजलेल्या खडकात, भेगांत ते भरून राहिलेलं असतं आणि अतिशय सावकाश उताराकडे सरकत असतं. समुद्रावरच्या ओल्या वाळूत तुम्ही खड्डा केला होता, आठवतं? चारी बाजूंनी पाणी आलं. शेजारी दुसरा खड्डा करून तो उपसत राहिलात तर पहिल्यातलंही खाली जातं. बाबांचं इंजिन उपसायला लागलं की त्यांच्या विहिरीभोवतीचं जमिनीखालचं पाणी खाली बसायचं. दोरीवर वाळत घातलेल्या साडीच्या मधोमध ओला पंचा टाकला तर साडी सगळीकडून तिथे झोल खाते, तसं. तो झोल पसरत पसरत आत्याच्या अंगणापर्यंत पोचला होता.

आणि खारं पाणी? ते बांधावरून आलंच नव्हतं. ते पायाखाली पहिल्यापासून होतं. खाडीचं पाणी जड, ते जमिनीखालून आत शिरू बघतं. डोंगराकडून येणारं गोडं पाणी हलकं, ते त्याच्यावर राहतं आणि त्याला बाहेर रेटत राहतं. एका दाराला दोन्हीकडून मुलं ढकलतायत असं समजा. आतल्या मुलांपैकी निम्मी निघून गेली की दार आत येणारच. वरून गोडं पाणी बाबांनी ओढून घेतलं, दार आत आलं. विहीर तळापर्यंत उपसली तेव्हा तर उरलीसुरली मुलंही आम्ही दारावरून बाजूला केली.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आपल्या विहिरीत सोडलेला पाइप बाहेर काढला. पाणी ओढायचं तोंड खाली तळाशी असायचं. त्यांनी हॅकसॉ घेऊन पाइपाचा खालचा मोठा तुकडा कापून टाकला आणि ते तोंड, म्हणजे फूटव्हॉल्व, वर बसवून घेतलं. आई म्हणाली, "अवो, नुसता कमी चालवा ना, कापताय कशाला?" बाबा म्हणाले, "काकडी सुकताना बघून माजा हात थांबल असा वाटतं तुला?" त्यानंतर इंजिन थोडा वेळ चालायचं, पाणी जरा खाली गेलं की हवा ओढून खोकायला लागायचं आणि बाबा ते बंद करायचे.

उन्हाळी भाजी त्या वर्षीच संपली. भातानंतर जमिनीतल्या ओलीवर येणारा वाल तेवढा राहिला. बाबांनी मिठागरात मुकादमाची नोकरी धरली. मी कॉलेजला गेले, पण वर्षभर उशिराने. आत्याने मला जाताना वालाची पिशवी दिली आणि म्हणाली, "तुजा एक वरीस माजे विहिरीनं खाल्ला." मी म्हटलं, "आत्या, असं नको म्हणूस." ती म्हणाली, "खाल्ला तर खाल्ला. पन पानी अजून खाराच हाय."

हे तिचं म्हणणं खरं होतं. पाण्याची उंची आठवड्यात परत आली, गोडी नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी भांड्यांना चालू लागलं. दुसऱ्यानंतर डाळ शिजायला लागली. बायका विचारायच्या, "जाला का गोड?" आत्या रोज सकाळी चाखायची आणि मान हलवायची. त्या काळात तिला कुणी ओट्यावर बसलेलं बघितलं नाही. अंगण झाडायची, कठडा धुवायची, पुन्हा झाडायची. मी सुट्टीत घरी यायचे तेव्हा पहिला प्रश्न तोच असायचा आणि उत्तरही तेच.

मग माझं लग्न झालं. लग्नानंतर पहिल्यांदा गावी आले तेव्हा आत्याने मला तांब्याभर पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. मी प्यायले.

"काय?"

"गोड आहे, आत्या."

"कोलनीनं पन गोड बोलला," ती म्हणाली. "पन तिचा काय, ती म्हावरा इकाया आलेली. तू खरा सांग."

"खरंच गोड आहे."

मग ती ओट्यावर बसली.

पुढे काही वर्षांनी नवीन शहरासाठी जमिनी गेल्या. बाबांची वाडी गेली, त्यांची विहीर भरावाखाली गेली, बांध आणि खाचरं गेली. बाबा, आई, आत्या आता नाहीत. आत्याच्या नातवाने तिच्या घराच्या जागी चाळ बांधली आहे आणि खोल्या भाड्याने दिल्या आहेत. विहीर तिथेच, चाळीच्या मागच्या बाजूला आहे, आमची सोसायटी बोअर मारणार त्या जागेच्या खालच्या अंगाला. तिच्यावर लोखंडी जाळी आहे. भाडेकरू त्या पाण्याने कपडे धुतात आणि पाणी वरच्यावर काढतात. पिण्यासाठी ते कुणी वापरत नाही. मी गेल्या महिन्यात चाखून बघितलं, वरचं पाणी अजून गोड आहे.